डीप स्पेस नाइन: देव खरे निघाल्यावर श्रद्धेचं काय उरतं?

उत्तरध्रुव
'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९, ७ सीझन, १७६ भाग) ही धर्माला गांभीर्याने घेणारी विज्ञानमालिका म्हणून नावाजली जाते. पहिल्या पाच सीझनपुरतं मला हे मान्य आहे. पुढे लेखकांनी स्वतःच घातलेला पाया उखडला, असं माझं मत.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: बजोर हा ग्रह सुमारे ५० वर्षं कार्डेशियन सत्तेखाली भरडला गेलेला. सत्ता हटल्यावर अनेक ग्रहांच्या संघाचा, म्हणजे फेडरेशनचा, कमांडर सिस्को तिथल्या अंतराळस्थानकावर येतो. त्याला जवळच एक वर्महोल, म्हणजे अवकाशात दूरवर नेणारा बोगदा, सापडतो आणि त्यात काळाच्या बाहेर राहणारे जीव भेटतात. बजोरी लोकांसाठी तेच 'प्रॉफेट्स', म्हणजे देव, आणि सिस्को त्यांचा दूत, 'एमिसरी'. फेडरेशनच्या शास्त्रज्ञांसाठी ते परग्रहवासी.

सुरुवातीला प्रत्येक घटना दोन्ही बाजूंनी वाचता येते. तिसऱ्या सीझनमधला 'डेस्टिनी' घ्या. जुनी भविष्यवाणी सांगते की तीन सर्प आकाशातल्या घरट्यात परततील आणि मंदिराची दारं सताड उघडतील. सगळ्यांना वाटतं, सर्प म्हणजे स्थानकावर आलेल्या कार्डेशियन शास्त्रज्ञ बायका. प्रत्यक्षात धूमकेतूचे तीन तुकडे होतात. त्यांतलं सिलिथियम हे द्रव्य वर्महोलमध्ये शिरलं तर वर्महोल कोसळणार, म्हणून यानाभोवती क्षेत्र उभारून ते तुकडे पलीकडे नेले जातात. वाटेत थोडं सिलिथियम गळतं आणि त्यामुळेच वर्महोल संदेशांपुरता कायम उघडा राहतो. भविष्यवाणी खरी ठरली की अभियांत्रिकी? दोन्ही उत्तरं टिकतात.

सहाव्या सीझनमधल्या 'सॅक्रिफाइस ऑफ एंजल्स'मध्ये मात्र वर्महोलपलीकडच्या शत्रुसत्तेची, डोमिनियनची, २८०० जहाजं देव गायब करून टाकतात. दुसरं वाचन उरतच नाही. सातव्यात तर सिस्कोचा जन्मच देवांनी घडवून आणल्याचं कळतं. पुराव्यानिशी सिद्ध झालेल्या देवावर विश्वास ठेवायला श्रद्धा कशाला लागते?

शब्दवेल
असहमत. ते आहेत की नाहीत, हा प्रश्न मालिकेने कधी विचारलाच नव्हता. पहिल्याच भागात ते सिस्कोशी बोलतात. प्रश्न होता त्यांच्या नावाने बोलायचा अधिकार कोणाचा, आणि तो शेवटपर्यंत आहे.

पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, 'इन द हँड्स ऑफ द प्रॉफेट्स', नीट पाहा. स्थानकावरच्या शाळेत शिक्षिका केको वर्महोलमधल्या जीवांना परग्रहवासी म्हणते. वेडेक, म्हणजे बजोरी धर्मगुरू, विन हरकत घेते आणि सगळ्यांसमक्ष तडजोड सुचवते: वर्महोलचा विषयच शिकवू नका. ऐकायला समंजस वाटतं, पण उद्या उत्क्रांतीवर, परवा आणखी कशावर हरकत येणार हे केको ओळखते आणि नकार देते. मग शाळेत बाँबस्फोट होतो. शेवटी उलगडतं की शाळेचा वाद हे निमित्त होतं. काईच्या, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूच्या, पदासाठी विनचा प्रतिस्पर्धी असलेल्या बरेलला स्थानकावर आणून मारायचं होतं. देव खरे असोत वा नसोत, या राजकारणात तसूभर फरक पडत नाही.

जहाजांचं म्हणाल, तर तो चमत्कार फुकट मिळालेला नाही. सिस्को त्यांना खडसावतो की देव म्हणवता तर बजोरची जबाबदारीही घ्या. ते ऐकतात, पण त्याला बजोरवर विसावा मिळणार नाही असंही सांगून टाकतात.

उत्तरध्रुव
अधिकाराचाच मुद्दा घेऊ. चौथ्या सीझनमधला 'अॅक्सेशन' माझीच बाजू भक्कम करतो. दोनशे वर्षांपूर्वीचा कवी अकोरेम वर्महोलमधून बाहेर येतो, आपणच खरा एमिसरी म्हणतो आणि जन्मावरून काम ठरवणारी 'डिजारा' व्यवस्था परत आणायला सांगतो. ती मोडली होती ती कार्डेशियनांशी लढायला प्रत्येक हात हवा होता म्हणून. ती परत येताच काय होतं? पोर्टा नावाचा वेडेक दुसऱ्या एका धर्मसेवकाला उंचावरून ढकलून मारतो. कारण त्याचं घराणं मृतांची व्यवस्था करणारं, म्हणजे अशुद्ध मानलेलं. फेडरेशन जन्माधारित भेद चालवून घेत नाही, म्हणजे बजोरला तिचं सदस्यत्वही मिळणार नाही.

आता ही व्यवस्था पडते कशी? सिस्को अकोरेमला घेऊन देवांकडे जातो आणि देव सिस्कोच्या बाजूने कौल देतात. एकही बजोरी उठून नाही म्हणत नाही. आयुष्यभर बंदुकीने लढलेली, आता स्थानकावर अधिकारी असलेली बजोरी किरा केवळ जन्माने कलावंत म्हणून मुकाट्याने माती घेऊन पक्षी घडवायला बसते आणि तो जमत नाही. मालिकेतलं याहून दुःखद दृश्य मला आठवत नाही. अन्याय समाजाने नाही, वरच्या हुकमाने मिटवला. लेखकांनी इथे फार मोठी संधी घालवली.

निरीक्षक
उत्तरध्रुव, 'अॅक्सेशन'बद्दल पूर्ण सहमत. पण किराचं ते मुकाट बसणंच लेखकांना दाखवायचं असावं. सत्तेविरुद्ध लढलेला माणूस श्रद्धेविरुद्ध लढू शकेलच असं नाही.

संस्था म्हणून धर्म पाहायचा तर 'द कोलॅबोरेटर' सोडू नका. काई ओपाकाने बंडखोरांचा तळ कार्डेशियनांना कळवलेला असतो. तळावरचे ४३ जण मरतात, त्यांत तिचा मुलगाही, पण १२०० गावकरी वाचतात. तिचं नाव जपण्यासाठी बरेल संशय स्वतःवर ओढवून घेऊन निवडणुकीतून माघार घेतो आणि काई होते विन. म्हणजे पुण्यवान माणसांनी लपवलेल्या सत्यामुळे चुकीचा माणूस पदावर बसतो.

सांजवेळ
डोमिनियनमधल्या भक्तीचा उल्लेख कोणीच केला नाही. तिथले कारभारी व्होर्टा आणि सैनिक जेमहदार यांची फाउंडर्स या राज्यकर्त्यांवरची भक्ती जनुकांतच घातलेली आहे, आणि जेमहदारांना वर 'व्हाइट' या द्रव्याचं व्यसन. ते मिळालं नाही की ते बेभान होऊन मरतात. सातव्या सीझनमध्ये स्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो वेयून या व्होर्टाला हेच सुनावतो, तर त्याला त्यात काही वावगं वाटतच नाही. देव असंच करतात, एवढंच त्याचं म्हणणं. उत्तरध्रुव यांच्या प्रश्नाचं उत्तर या तुलनेत आहे. देव दोन्हीकडे समोर आहेत. पण बजोरी माणसाला नाही म्हणायची मुभा आहे, व्होर्टाला नाही.

शब्दवेल
अगदी नेमकं! आणि ती मुभा कोण वापरतं, तर काई विन. प्रॉफेट्स तिच्याशी आयुष्यात एकदाही बोलले नाहीत, परक्या सिस्कोशी मात्र बोलले. 'द रेकनिंग'मध्ये प्रॉफेट किराच्या शरीरात आणि त्यांचा शत्रू पा-रेथ सिस्कोच्या मुलाच्या शरीरात समोरासमोर उभे ठाकतात. मुलगा मरू शकतो हे माहीत असूनही सिस्को लढाई थांबवत नाही. थांबवते ती विन, स्थानकात क्रोनिटॉन किरण सोडून. श्रद्धा परक्याची आणि यंत्राचा आधार सर्वोच्च धर्मगुरूचा. किरा तिला तोंडावर सांगते की एमिसरीची श्रद्धा आपल्यापेक्षा मोठी आहे हेच तुम्हाला सोसलं नाही.

पुढे 'स्ट्रेंज बेडफेलोज'मध्ये विन किराला उद्धाराचा मार्ग विचारते. किरा म्हणते, पद सोडा. तेवढं एक तिला जमत नाही. देव सिद्ध झाल्यानंतरचे भाग आहेत हे, उत्तरध्रुव.

उत्तरध्रुव
विनबद्दल मागे घेतो. शेवटच्या दहा भागांत तीच एकटी खरोखर निवड करताना दिसते. पण सिस्कोचं काय? ज्याची आईच देवांनी ताब्यात घेतली, त्याने नाही म्हटलं असतं तर ते कसं म्हटलं असतं, हे मला कोणी दाखवून द्या.