"विश्वास खरा असेल तर भीती शिवत नाही": मला हे पटत नाही

नगरची लेक:
आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली. "ज्याचा विश्वास खरा, त्याला भीती शिवत नाही. झोपेसाठी गोळी लागत असेल तर आधी आपला विश्वास तपासा." खाली आमेनची रांग. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली. पहाटे आत नेलं. मी बाहेर बाकावर, मांडीवर रुमालात बांधलेला त्यांचा चष्मा आणि घड्याळ. चर्चच्या रविवारच्या शाळेत पाठ केलेलं बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायला घेतलं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथवर आले आणि पुढची ओळ सुचेना. चाळीस वर्षं म्हणतेय ते! मग तेवढीच ओळ घोकत राहिले, डॉक्टर बाहेर येईपर्यंत. हात गार पडले होते, आणि तरी मी एकटी नाही हे पक्कं ठाऊक होतं. दोन्ही एकाच वेळी. पुढे दोन महिने डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन झोपले. म्हणजे माझा विश्वास खोटा?

धरलं जाण्याच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक शुभवर्तमानात लिहितो. हा प्याला दूर कर, असं त्याने बापाला विनवलं. त्यालाही तपासायला सांगणार का?

शास्त्रवाचक:
पोस्ट माझी आहे. ताई, तुमच्यावर आलेल्या प्रसंगाचा मला आदर आहे. पण शास्त्र आपल्या अनुभवाच्या मापाने बेतायचं नसतं. वादळात शिष्यांचा मचवा पाण्याने भरत होता, प्रभू उशीवर निजला होता. उठल्यावर तो शिष्यांना गोंजारत बसला नाही. "तुम्हाला अजून विश्वास नाही काय?" असंच विचारलं.

माझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. तोंड बघायला मिळालं नाही. आई दारात उभी राहून प्रार्थना करत होती, डोळ्यांत टिपूस नाही. ही साक्ष मी घरात पाहिली आहे. पंडिता रमाबाई घ्या. आईवडील दुष्काळात गेले, नवरा पटकीने, १९२१ साली एकुलती एक मनोरमा. तरी बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. हल्ली जो तो 'अँग्झायटी' म्हणतो आणि प्रार्थनासभा चुकवतो.

नगरची लेक:
मार्कचं शुभवर्तमान पुन्हा वाचा. आधी त्याने वाऱ्याला धमकावलं, समुद्राला "उगा राहा" म्हटलं. सगळं निवांत झालं, मग प्रश्न. यांचा विश्वास वाढू दे मग बघू, असं म्हणून मचवा बुडू दिला नाही.

शास्त्रवाचक:
आणि मत्तय? आठव्या अध्यायात आधी "अल्पविश्वासी" म्हणतो, मग उठून वारा थांबवतो. सोयीचं तेवढं शुभवर्तमान घेऊ नका.

नगरची लेक:
बरं, मत्तयाचं मान्य. पण तिथेही वारा थांबला तो अल्पविश्वासी माणसांसाठीच.

मिरजेची सिस्टर:
मी गोळीवर बोलते. आमच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभारला. मिशनरी माणूस. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत त्यांना भांडण दिसलं नाही, म्हणून गावाचं नाव झालं. प्रेषित पौल लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो, आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. मधुमेहाच्या गोळीला कोणी विश्वास तपासायला सांगत नाही. असलंच काही ऐकून एका बाईने झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि तिसऱ्या दिवशी थरथरत वॉर्डात आली. तिचा हात मी धरला होता. तुम्ही नव्हता धरला.

आणि रमाबाईंचं अर्धंच सांगू नका. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध लिहिलं. गव्हर्नरने खोडून काढलं तरी मागे हटल्या नाहीत. ते शांत बसणं नव्हतं.

शास्त्रवाचक:
एकदम बंद करा असं मी कुठे लिहिलं? माझ्या तोंडी घालू नका!

वसईवाली:
तुम्हा प्रॉटेस्टंटांकडे विश्वास मोजण्याचं फार आहे. आम्ही कॅथलिक. आमची आजी रोजरी, म्हणजे जपमाळ, धरून बसायची. शब्द विसरली तरी बोटाखालचा मणी पुढे सरकायचा. घाबरलीस का, असं तिला कोणी विचारलं नाही.

जुना गायक:
खरं दुखणं कोणी बोलत नाही. पाठ काही राहिलेलंच नाही! नगरच्या ताईंना निदान एक ओळ आठवली. आमच्या उपासनेत आता ड्रम, कीबोर्ड आणि पडद्यावर इंग्रजी शब्द. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला, ओवीत आणला, कीर्तनात उभा केला. ते आम्ही कपाटात ठेवलं. संकटात धीर कुठून येणार?

पुण्याचा गिटारवाला:
काका, टिळकांच्या आधी मंडळीत बहुतेक परक्या चालींवर बसवलेली भाषांतरं होती. लोकांची चाल घेतली म्हणून टिळक मोठे. माझ्या वयाची चाल गिटारवर आहे. दुसऱ्या वर्षाला नापास झालो तेव्हा तीन दिवस हॉस्टेलच्या खोलीबाहेर पडलो नाही. मित्र दाराबाहेर जमिनीवर बसून हिंदी गीत म्हणत राहिला. मी दार उघडलं. ते गीत कमी प्रतीचं होतं असं म्हणू नका, मला लागतं.

जुना गायक:
दार उघडलंस हे फार बरं झालं, बाळा. त्या मित्राला माझा सलाम सांग. पण पंचेचाळीस वर्षं मी मयतीला गातो आहे. मरणघरी पडदा नसतो. लाइट गेलेली असते, पुस्तक सापडत नाही. तिथे आईच्या तोंडून कानावर पडलेलंच वर येतं. तुझ्या पोरांना तू काय पाठ देणार?

पुण्याचा गिटारवाला:
हा प्रश्न मात्र खरा आहे. उत्तर नाही माझ्याकडे. एखादं भजन शिकवायला याल का?

वसईवाली:
आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीतून होते तरी तरुण पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघतात. नुसत्या भाषेवर खापर फोडू नका.

जुना गायक:
मोबाईलचं वेगळं. पाठ असलेलं मोबाईल नेत नाही.

मिरजेची सिस्टर:
चालींवर एवढं बोललात. गोळीचं तसंच राहिलं.

शास्त्रवाचक:
राहिलेलं नाही. गोळीचं वाक्य काढून टाकलंय. बाकी पोस्ट तशीच ठेवणार, कारण भीतीपुढे मान टाकायची नाही हे मी आजही मानतो.

दुपारी आईला फोन केला. तेव्हा तू रडली कशी नाहीस, म्हणून विचारलं. म्हणाली, "तुम्ही पोरं माझ्याकडे बघत होता. नंतर वर्षभर दिवा चालू ठेवून झोपायचे." मला माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत होतो मी.

नगरची लेक:
आईंना माझा सलाम सांगा. मी अजूनही दिवा ठेवते.

जुना गायक:
झोपताना कोणतं भजन म्हणायच्या, तेही विचारा.