मदत हवी आहे: दिवाळी अंकाच्या साइटसाठी वर्डप्रेस की ड्रुपल?

मंडळी, सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या दिवाळी अंकाची वेबसाइट करायची आहे. जुने अंक श्रीलिपीत (जुन्या फॉन्टपद्धतीत), म्हणजे आधी युनिकोड, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, करणं आलंच. त्यात रफार नि जोडाक्षरं हमखास मोडतात, ती हातानं तपासू. अडलंय पुढे, साइट बनवायचं सॉफ्टवेअर निवडताना. वर्डप्रेस मराठीत वापरता येतं, शिकायलाही सोपं, पण प्लगइन (वरून जोडायच्या सुविधा) वेळच्या वेळी अपडेट केली नाहीत तर साइट हॅक व्हायची धास्ती. ड्रुपलमध्ये लेखक, वर्ष, साहित्यप्रकार अशी वर्गवारी नीट बसते, मात्र सांभाळायला जाणकार लागतो. आमचे संपादककाका अजून मुद्रितं लाल पेनानंच तपासतात! तिसरा पर्याय ह्यूगो; त्याला डेटाबेस लागत नाही, होस्टिंगही स्वस्त पडेल, पण त्यात लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून, लिहावे लागतात; काकांना ते कोण शिकवणार? मराठी मासिकाची साइट कोणी चालवत असेल तर काय वापरता, आणि देखभाल कोण बघतं, सांगाल का?