मदत हवी आहे: विटबिअरच्या स्कोअरशीटवर ३३ आणि २६, कुणाचं ऐकू?

मंडळी, इथे स्पर्धांना बिअर पाठवणारे आणि परीक्षक म्हणून बसणारेही आहेत, म्हणून विचारतोय.

मी नागपूरकर. आपल्याकडे विनापरवाना घरी बिअर बनवणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे भट्टी धाकट्या भावाकडे, मँचेस्टरजवळ. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला लायसन लागत नाही, फक्त विकायची नाही. माझा वाटा मसाल्याचा: इतवारीतले धने आणि कळमन्याहून आणलेल्या मृग बहाराच्या संत्र्यांची वाळवलेली सालं. बेल्जियन विटबिअरमध्ये (गव्हाची फिकट, गढूळ बिअर) या दोन्ही गोष्टी पडतातच, तिथे कडू संत्र्याची साल वापरतात एवढाच फरक. १९ लिटरला २५ ग्रॅम धने, ३० ग्रॅम साल, उकळीची शेवटची दहा मिनिटं.

भावाने ती बीजेसीपी (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) पद्धतीच्या स्पर्धेत दिली. दोन्ही शीट व्हॉट्सॲपवर आल्या आहेत:

पहिला परीक्षक: वास ९/१२, रूप ३/३, चव १२/२०, तोंडातला पोत ३/५, एकूण ठसा ६/१०. बेरीज ३३. शेरा: "संत्रं छान जाणवतं, मसाला बेताचा, अंग थोडं पातळ."

दुसरा: ६, ३, १०, २, ५. बेरीज २६. शेरा: "धन्यांचा सेलरीसारखा, किंचित हॅमसारखा वास. शेवटी सालीचा खरखरीत कडूपणा."

हॅम! आईला हे सांगितलेलं नाही, तिने निवडून दिलेले धने आहेत.

सरासरी २९.५, म्हणजे 'व्हेरी गुड'ला अर्धा मार्क कमी. पण त्याचं दुःख नाही. एकाच बाटलीत एकाला संत्रं लागतं आणि दुसऱ्याला भाजी, हे कसं? पहिल्याच्या शीटवर 'सर्टिफाइड'वर खूण आहे, दुसऱ्याच्या 'रेकग्नाइज्ड'वर, म्हणजे एक पायरी खाली. मग पहिल्याचंच धरायचं का? भाऊ म्हणतो धने निम्मे कर. मला ते पटत नाही, धने कमी केले तर विटबिअरमध्ये राहतं काय?

प्रतिसाद १
हुद्द्यावर जाऊ नका. रेकग्नाइज्ड माणसाचं नाकही तीक्ष्ण असू शकतं. ७ गुणांचा फरक चालतो, त्यापुढे गेला तर परीक्षकांनी आपसात बोलून तो कमी करायचा असतो. गुण बाजूला ठेवा, शेरे वाचा. दुसऱ्याने जे लिहिलंय ते हवेतलं नाही: बीजेसीपीच्या विटबिअरच्या वर्णनात सेलरीसारखा किंवा हॅमसारखा वास नको असं चक्क लिहिलेलं आहे. हा वास बहुतेक वेळा धन्यांतूनच येतो, यीस्टवर ढकलू नका.

आणि पहिल्याचा "अंग पातळ" हा शेरा सोडून देऊ नका. न मोडवलेला गहू किती होता?

धागाकर्ता
निम्मा गहू, निम्मं पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव). ओट्स नव्हते.

प्रतिसाद २
दादा, मात्रा नंतर पाहा, आधी धनेच तपासा, त्याला ना बिअर लागते ना लायसन. एका कपात चमचाभर धने जाडसर कुटून टाका, दुसऱ्यात सालीचे तुकडे. दोन्हीत उकळतं पाणी ओता, झाका, दहा मिनिटांनी वास घ्या. धन्याच्या कपात लिंबू-संत्र्याकडे झुकणारा वास आला तर धने निर्दोष. भाजीसारखा आला तर तो लॉट स्वयंपाकाला ठेवा. आपले लांबट धने सहसा जास्त फळाळ असतात, म्हणून मला जुन्या साठ्याची शंका येते. कुटून ठेवलेले तर नव्हते ना?

सालीचा कप मात्र प्यायचा. गिळल्यावर जिभेच्या मागे नुसतं कडू लागलं तर साल आतल्या पांढऱ्या भागासकट वाळवली आहे. सुपारीसारखी जीभ आवळली तर सालीबरोबर भावाची धान्य धुण्याची (भिजवलेल्या धान्यातली साखर गरम पाण्याने उतरवण्याची) पद्धतही पाहा. पाणी ७७ अंशांच्या वर गेलं की टरफलातलं टॅनिन (तुरट द्रव्य) उतरतं. दुसऱ्याने पोताला ५ पैकी २ दिलेत, तिथे नक्की काय लिहिलंय?

धागाकर्ता
तिथे 'ॲस्ट्रिंजंट'वर (जीभ आवळणारं) खूण आहे, मघाशी माझ्या नजरेतून सुटली. धने अख्खेच नेले होते, भावाने मिक्सरमधून काढून डब्यात भरून ठेवले, किती दिवस ते विचारतो. साल पांढऱ्यासकटच आहे.

प्रतिसाद १
मग पुढच्या खेपेला ताजी संत्री, फक्त वरची केशरी साल किसून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. त्याच्या पुढच्या खेपेला धने तेवढेच, पण त्याच दिवशी कुटलेले. आणि दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर पुढची शीट आली की परत इथेच याल.