मदत हवी आहे : शाळेसाठी दुर्बीण आरशाची घ्यावी की भिंगाची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळेतल्या पोरांसाठी दुर्बीण घ्यायचीय. ७० मिमी भिंगाची की १५० मिमी आरशाची, इथे अडलोय. आरसा साडेचार पट जास्त प्रकाश गोळा करतो, शिवाय साध्या भिंगासारखी गुरू-शुक्राच्या कडेला जांभळट झाक येत नाही. न्यूटनने १६६८ मध्ये आरसा वापरला तो याच रंगदोषामुळे. माझा कल आरशाकडेच आहे. पण उन्हाळ्यात इकडे फुफाटा फार, आणि ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूलाच असतो. फडकं फिरवलं की ओरखडे! जळगाव-धुळ्याकडे कोणी अशी दुर्बीण वापरतं का? आरसा कसा धुता, कितीदा? पोरांनी हाताळल्यावर दुर्बिणीतल्या मोठ्या आणि छोट्या अशा दोन आरशांची जुळणी सारखी बिघडते का? कृपया अनुभव सांगा.