झेडपी शाळेला खोल्या किती लागतील, हिशोब कसा करायचा?

चाकणचा पालक: मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, आमची शाळा पहिली ते पाचवी. एमआयडीसीमुळे गावात भाडेकरू वाढलेत आणि पट पण. पहिली 64, दुसरी 58, तिसरी 51, चौथी 47, पाचवी 44. खोल्या 8, त्यातल्या एकात ऑफिस, एकात पोषण आहाराचा तांदूळ. एका वर्गात 30 मुलं धरून 264 ला 30 नं भागून 9 खोल्या मागतोय, बरोबर आहे का?

गुरुजी: एकूण पटाला भागू नका हो, इयत्तेप्रमाणे काढा. 64 ला 3 तुकड्या, बाकी चार इयत्तांना 2-2, म्हणजे आजच 11 वर्ग झाले, ऑफिस वेगळंच. आणि हीच पहिली चार वर्षांनी पाचवीत जाणार, मागून दरवर्षी 64 येत राहिले तर 15 लागतील. गेल्या वर्षीची पहिली आणि यंदाची दुसरी शेजारी ठेवून बघा, मुलं वाढली की गळाली ते लगेच कळतं. आरटीईतला, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातला, शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात इयत्तावार अंदाजित पट द्यावाच लागतो, तिथे हे सगळं लिहा.

सांगलीकर: 15 एकदम मागू नका असं माझं मत. एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 आलाय, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षा कमी मुलं, आमच्याकडे बांधलेल्या खोल्या रिकाम्या पडल्यात. तुमच्याकडे वाढ बाहेरून येणाऱ्यांची आहे, कंपनीतलं काम गेलं की ती कुटुंबं पण जातात. अंगणवाडीच्या रजिस्टरवरून तीन ते सहा वर्षांची पोरं मोजा, आणि त्यांच्या आयांना सरळ विचारा की इथे घालणार की इंग्लिश मीडियमला, कारण नवीन सोसायट्यांतली निम्मी पोरं पिवळ्या बसमध्ये बसतात.

गुरुजी: हे पटलं. मग आत्ता लागतात तेवढ्याच मागा पण पाया वरचा मजला चढवता येईल असाच घ्या, नंतर तो मिळत नाही.

बांधकामवाला: एक राहिलं, त्या 8 मध्ये पडायला आलेली खोली आहे का? असेल तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली नोंदीतून काढून टाकायचा, प्रस्ताव टाका. ते होत नाही तोवर ती कागदावर खोलीच राहते आणि वरून उत्तर येतं की तुमच्याकडे 8 आहेत की. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत, खोलीची स्थिती भरायची असते, चांगली की मोठी दुरुस्ती, तिथे काय भरलंय ते मुख्याध्यापकांसोबत बसून बघा.

चाकणचा पालक: आहे एक, पावसात तिसरीची पोरं तिथनं व्हरांड्यात आणून बसवतात. यूडायसला ती चांगली म्हणूनच भरलेली असणार, सोमवारी जाऊन बघतो.