इराकच्या नोटा जमवायच्यात, सुरुवात कुठून करू?

लालबागकर:
मंडळी, मामा 80 च्या दशकात बगदादला बांधकामावर होते, त्यांच्या ट्रंकेत घोड्यांची हिरवी 25 दिनारची नोट सापडली, छपाई काय सुरेख आहे! तेव्हापासून इराकच्या नोटा जमवायचं डोक्यात बसलंय. फोर्टला एक जण सद्दामच्या नोटा विकतो, वर 25,000 वाल्या नव्या नोटांची गड्डी घ्या म्हणतो, म्हणे दिनारचा रेट वाढला की करोडपती व्हाल. घेऊ का?

गिरगावचा आनंद:
गड्डी अजिबात नको भावा! रेट वाढणार सांगून 2003 नंतर जगभर लोकांना लुटलंय, आज एका डॉलरला हजाराच्या वर दिनार लागतात. शिवाय ते चालू चलन आहे, अधिकृत मनीचेंजरकडूनच घ्यायचं असतं.
पण मामांची नोट जपून ठेव. कुवेतवरच्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांचे व्यापार निर्बंध लागल्यावर सद्दामने देशातच नोटा छापल्या, कागद हलका, शाई पुसट, आणि 1993 ला जुने 25 दिनार रद्दच केले. उत्तरेकडच्या कुर्द लोकांनी मात्र जुन्याच नोटा वापरणं चालू ठेवलं, त्यांना स्विस दिनार म्हणायचे. मागे सरकार नाही, नवीन छपाई नाही, नोटा फाटत चाललेल्या, तरी लोकांचा भरवसा टिकला. ऑक्टोबर 2003 ते जानेवारी 2004 मध्ये नवं चलन आलं तेव्हा सद्दामचा एक दिनार देऊन नवा एकच मिळाला आणि स्विस एक दिला की 150! मला तर कुठल्याही दुर्मिळ नोटेपेक्षा हे भारी वाटतं. म्हणून आधी सद्दामवाली 250 घे, स्वस्तात मिळते, आणि मामांच्या नोटेशेजारी ठेवून बघ, बोट फिरवलं तरी फरक कळतो.

स्मिता, मुलुंड:
आनंदला अनुमोदन. नव्यातली एकच घ्यायची तर 10,000 ची घे, पुढे प्रकाशाचा अभ्यास करणारा जुना अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम, मागे मोसुलचा तो कललेला हदबा मिनार, जो 2017 मध्ये आयसिसने उडवला आणि आता परत बांधलाय.
आणि प्लीज लॅमिनेट करू नकोस, पीव्हीसीचा अल्बमपण नको, आपल्याकडे पावसाळ्यात नोटा त्याला चिकटतात. मायलारचे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) पाऊच घे, डब्यात सिलिका जेल टाक, आणि घडी पडली असेल तरी इस्त्री नाही फिरवायची.