इंजिन बंद करताना शेवटचा गचका: माउंटिंग की फ्लायव्हील?

माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. चार सिलिंडर टर्बो पेट्रोल, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, इंजिन सीटच्या अगदी पाठीमागे. ५८ हजार किलोमीटर झालेत. चालताना काहीही तक्रार नाही, उभ्या गाडीत ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) आयडलिंगही स्वच्छ. पण बटण दाबून बंद केली की क्षणभर काही नाही, आणि मग थांबता थांबता अख्खी गाडी एकदा जोरात हलते. पाठीला गचका बसतो, मागून ‘ठक्’ असा आवाज येतो आणि कप होल्डरमध्ये ठेवलेल्या घराच्या किल्ल्या खणखणतात. दोन महिन्यांत हे वाढलंय. गॅरेजमध्ये म्हणाले, स्पोर्ट्स कारला एवढं असतंच. मी ही गाडी चार वर्षं चालवतेय, ती आधी अशी थांबत नव्हती. कुठून बघायला सुरुवात करू?

प्रतिसाद १

थोडं हलणं स्वाभाविक आहे, पण ‘ठक्’ नाही.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७ धक्के. रबरी माउंटिंगवर बसलेलं इंजिन स्वतःच्या लयीत हलतं ते याहून बरंच सावकाश, सेकंदाला दहाच्या आसपास. म्हणून आयडलिंगला काही जाणवत नाही. बंद केल्यावर पेट्रोल थांबतं, पण पिस्टन हवा दाबतच राहतात. वेग उतरत ३०० आरपीएमच्या जवळ आला की धक्क्यांची लय आणि इंजिनाची लय जुळते आणि ते झुलायला लागतं. अगदी शेवटी एखादा पिस्टन वरच्या टोकापर्यंत पोचत नाही, दाबलेली हवा त्याला मागे ढकलते आणि क्रँक किंचित उलटा फिरतो. तो शेवटचा हिसका.

हे सगळं जिरवणं माउंटिंगचं काम. ‘ठक्’ वाजतंय म्हणजे काहीतरी काहीतरीवर आपटतंय. माउंटिंग आधी बघा.

प्रतिसाद २

ड्युअल मास फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक, दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा) असेल तर तोही संशयित आहे. त्याच्या आतल्या स्प्रिंगा सैल झाल्या की चालू-बंद करतानाच खडखड ऐकू येते, कारण त्याची स्वतःची लयही आयडलिंगच्या खालीच असते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकदा क्लच सोडून बंद करा, एकदा पूर्ण दाबून. फरक पडला तर फ्लायव्हील-गिअरबॉक्सकडे बघा. न पडल्यास फ्लायव्हील निर्दोष ठरला असं नाही, पण आधी स्वस्तातलं काम तपासा.

हे कळकळीने सांगतोय, कारण मी उलट केलं. गिअरबॉक्स उतरवून नवा फ्लायव्हील बसवला, गाडी घरी आणली, बंद केली आणि तोच गचका. खालच्या टॉर्क आर्मचं (इंजिनाला पुढे-मागे झुलू न देणाऱ्या दांड्याचं) रबरी बुश फाटलं होतं. दोन बोल्टचं काम.

प्रतिसाद ३

मोबाईलवर स्लो मोशन चित्रण करा. इंजिनावरचं झाकण उघडा, हँडब्रेक ओढा, हात आणि कपडे बेल्टपासून लांब ठेवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी बंद करायला सांगा. डोळ्याला जे दिसत नाही ते त्यात दिसतं. कुठली बाजू जास्त उसळते तेवढंच बघायचं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

क्लच दाबून-सोडून काहीच फरक नव्हता. चित्रणात मात्र इंजिनाची उजवी बाजू डावीच्या दुपटीने तरी उसळताना दिसली. गाडी लिफ्टवर घेतली. उजवं माउंटिंग हायड्रॉलिक, आत द्रव असतो तसलं. त्याच्या बुडाशी काळा चिकट ओघळ, त्यावर धूळ बसून थर झालेला. रबर खचलेलं, आणि ब्रॅकेटवर नखाएवढा भाग घासून चकचकीत झाला होता. तिथेच लोखंडावर लोखंड आपटत होतं.

एकाच वयाची म्हणून दोन्ही माउंटिंग बदलली. मेकॅनिकने सगळे बोल्ट आधी हातानेच लावले, जॅक काढून इंजिन स्वतःच्या वजनाने बसू दिलं आणि मगच टॉर्क रेंचने आवळले. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं, म्हणाला. त्याच्या या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

आता बंद करताना हलकी थरथर येते, तेवढीच. किल्ल्या तिथेच ठेवते. हलतात, वाजत नाहीत.